द्राक्षाची परीक्षा होते, मातीची केव्हा होणार?

तासगाव तालुक्यातील द्राक्ष युरोपच्या बाजाराकडे निघाले म्हणजे त्याच्यामागे कागदपत्रांचा एक ताफाच चालू लागतो. बागेची नोंदणी झालेली असावी लागते. कोणत्या तारखेस कोणते औषध फवारले त्याची वही ठेवावी लागते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो आणि शंभराहून कितीतरी अधिक रसायनांची यादी समोर ठेवून त्या घडाची झडती घेतली जाते. यादीतील एखाद्याही रसायनाचा अंश मर्यादेबाहेर आढळला, तर तो माल जहाजावर चढत नाही. ही शिस्त चांगली आहे आणि ती पाळणाऱ्या बागायतदारांचे कौतुकच केले पाहिजे. परंतु ज्या मातीत त्या वेलीची मुळे वर्षानुवर्षे उभी आहेत आणि जिच्यावर प्रत्येक फवारणीतील निथळलेला थेंब अखेर जाऊन पडतो, त्या मातीची अशी झडती कोणी नियमाने घेत नाही. फळ परक्याच्या ताटात जायचे म्हणून त्याला परीक्षा, आणि माती आपलीच म्हणून तिला माफी! हा न्याय आम्हांला मान्य नाही. म्हणूनच एरवी शेतीच्या पानावर जाणारा हा विषय आम्ही आज पहिल्या पानावर घेत आहोत.

फळांच्या परीक्षेची ही शिस्त तरी आपण होऊन अंगीकारली काय? नाही. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेट या कीटकनाशकांचे अंश मर्यादेहून अधिक सापडले, तेव्हा आपली झोप उडाली. त्यानंतर कृषी निर्यातीचे काम पाहणाऱ्या ‘अपेडा’ने २००६ साली ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था उभी केली आणि मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा तिचा कणा बनली. पुढे २०१० साली वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरले जाणारे क्लोरमेक्वाट क्लोराईड हे रसायन युरोपात आपल्या द्राक्षांत आढळले. ते आपल्या यादीतच नव्हते. म्हणून येथे कोणी शोधले नव्हते आणि म्हणून कोणाला सापडले नव्हते. त्या हंगामात बागायतदारांनी सोसलेला फटका सांगली-नाशिककडील लोक अद्याप विसरलेले नाहीत. या दोन प्रसंगांतून निघणारा बोध उघड आहे. पहिला, आपण तपासतो ते बहुधा दुसऱ्याने नाक दाबल्यावर. दुसरा, जे शोधावे तेच सापडते. जे शोधले नाही ते नाही असे मानणे ही केवळ आत्मवंचना आहे. आणि ज्या मेथोमिलमुळे २००३ साली आपली अब्रू गेली, त्यावर आपल्या देशात संपूर्ण बंदी येण्यास २०२३ साल उजाडावे लागले, ही गोष्टही वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आपल्या भाषेने या बाबतीत एक विलक्षण सभ्यता दाखविली आहे. किडीवर मारावयाच्या विषाला आपण विष म्हणत नाही, ‘औषध’ म्हणतो. शेतकरी ‘औषध मारतो’, दुकानदार ‘औषध देतो’, आणि त्याच बाटलीने एखाद्या घरात अनर्थ घडला म्हणजे मात्र वृत्तपत्रांत ‘विषप्राशन’ असा शब्द येतो. शब्दाची ही अदलाबदल निरुपद्रवी नाही. औषध म्हटले की मात्रा थोडी अधिक झाली तरी गुणच येईल असे वाटू लागते. १९५८ साली केरळमध्ये जहाजातून आलेल्या धान्याला पॅराथिऑनचा संसर्ग होऊन शंभरावर माणसे दगावली. त्या दुर्घटनेच्या चौकशीतूनच १९६८ चा कीटकनाशक कायदा जन्मास आला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर प्राणास मुकले. दोन्ही वेळा देश हळहळला, कारण दोन्ही वेळा प्रेते दिसली. कायदाही बाटली पाहतो, तिच्यावरील लेबल पाहतो, विक्रेत्याचा परवाना पाहतो. बाटली रिकामी झाल्यानंतर तिच्यातील द्रव्याचे मातीत काय होते, हा प्रश्न मात्र तिथेच जिरून जातो.

मातीत काय होते? सर्वच रसायने सारखी वागत नाहीत. काही थोड्या दिवसांत सूर्यप्रकाशाने, पाण्याने आणि सूक्ष्म जीवांच्या योगाने विघटित होतात. काहींचा मुक्काम महिनोन्‌महिने राहतो. आणि डीडीटीसारखी काही अशी चिवट, की तीच नव्हे तर तिच्यापासून बनलेली द्रव्येही दशकेच्या दशके मातीच्या कणांना धरून बसतात. शेतीत डीडीटी वापरण्यास आपल्याकडे १९८९ साली मनाई झाली. बीएचसी १९९७ साली बंद झाले. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. परंतु न्यायालयाचा हुकूम दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचतो. जमिनीच्या पोटात जे आधीच उतरले आहे त्याला तो हुकूम वाचून दाखविता येत नाही. त्यातून आपल्या कृष्णाकाठची माती ही काळी, चिकण, धरून ठेवणारी माती. पाणी धरते म्हणून तिची कीर्ती. पाणी धरणारी ही माती विषही धरते.

या भागातील लोकांना जमीन बिघडते म्हणजे काय, हे कोणी शिकवावयास नको. वाळवा, मिरज, पलूस या तालुक्यांत अति पाण्याने क्षारपड झालेली शेते त्यांनी पाहिली आहेत. परंतु खार फुटला म्हणजे जमीन पांढरी पडते, पीक खुरटते, बांधावरून जाणाऱ्यालाही रोग कळतो. कीटकनाशकाच्या अवशेषाला रंग नाही, वास नाही. माती पूर्वीसारखीच काळी दिसते, उसाचे पान पूर्वीसारखेच हिरवे असते. हे दुखणे डोळ्यांनी ओळखता येत नाही आणि म्हणून अधिक बारकाईने तपासावे लागते.

आणखी एक गोष्ट. सांगलीची हळद आणि साताऱ्याकडील आले ही पिके मातीच्या वर येत नाहीत. ती मातीच्या आत वाढतात. मातीत जे असेल त्याच्याशी त्यांचा महिनोन्‌महिने अंगाशी अंग लावून सहवास असतो. हरिपूरच्या लोकांनी तर पिढ्यान्‌पिढ्या हळद जमिनीतील पेवांत साठविली. २००५ च्या महापुराने त्या पेवांची वाताहत केली, तोपर्यंत वर्षानुवर्षे ठेवलेली हळद तेथे बिनधोक राहत असे. मातीवर एवढा विश्वास टाकणारा हा मुलूख आहे. तो विश्वास खरा की खोटा, हे पडताळून पाहणे म्हणजे मातीचा अपमान नव्हे. ते तिचे ऋण फेडणे आहे.

शेताची माती शेतातच राहत नाही, हे तर याहून महत्त्वाचे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या उतारावरून, वाईच्या खोऱ्यातून, कऱ्हाडच्या संगमावरून, उसाच्या फडांतून आणि येरळेच्या वाटेने खाली येणाऱ्या तासगावच्या मळ्यांतून पावसाचे पाणी माती घेऊन कृष्णेत उतरते. या प्रवासात जी रसायने पाण्यात सहज विरघळत नाहीत ती गाळाच्या कणांवर स्वार होऊन जातात. परिणामी नदीच्या पाण्याची बाटली भरून तपासावी तर ती निर्मळ ठरते, आणि तळाशी बसलेल्या गाळाकडे कोणी पाहत नाही. २०१९ साली सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याने सत्तावन्न फुटांची रेषा ओलांडली आणि अर्धे शहर पाण्याखाली गेले. २०२१ साली पुन्हा तोच प्रसंग. पूर ओसरल्यावर घराघरांतून, दुकानांतून, शाळांतून जो चिखल लोकांनी हातांनी उपसला, त्यात काय काय होते? पुराच्या गाळाने जमीन सुपीक होते ही वाडवडिलांची समजूत खोटी नाही. पण ती ज्या काळची, त्या काळी नदीकाठी कृषी सेवा केंद्रे नव्हती.

राज्य शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली. धरणांतील आणि तलावांतील साठलेला गाळ काढून शेतात पसरावा, म्हणजे जलाशयाची साठवण वाढेल आणि हलक्या रानाला कस येईल, अशी तिची कल्पना. कल्पना उत्तम आहे आणि बहुतेक ठिकाणी हा गाळ शेतकऱ्याला वरदानच ठरेल, याविषयी आम्हांला शंका नाही. परंतु ज्या पाणलोटात वर्षानुवर्षे दाट फवारणी झाली, तेथील तळाचा गाळ ट्रॉलीत भरून दुसऱ्याच्या शेतात नेऊन टाकण्यापूर्वी त्याचा एक मूठभर नमुना तपासावा, ही अपेक्षा फार झाली काय? घरात धान्याचे पोते घेतानासुद्धा आपण बंबी मारून मूठभर दाणे हातावर पाहतो.

यावर आजवर मिळणारे उत्तर ठरलेले होते : परीक्षा महाग आहे. ते काही अंशी खरेही होते. मातीतील विषाचा अंश अचूक मोजणारी यंत्रे कोटी रुपयांच्या घरातली. ती चालविणारी माणसे मोजकी. नमुना द्यायचा तर राहुरी किंवा मांजरी गाठायची. आणि एका नमुन्याचा खर्च लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा. परंतु गेल्या काही दशकांत विज्ञानाने या मोठ्या परीक्षेच्या आधीची एक लहान परीक्षा उपलब्ध करून दिली आहे. तिला प्रतिपिंड-चाचणी म्हणता येईल. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील इन्शुलिन मोजण्यासाठी प्रतिपिंडांचा उपयोग केला. त्या कार्यासाठी यालो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७१ साली स्वीडन आणि हॉलंडमधील संशोधकांनी तीच परीक्षा किरणोत्सारी द्रव्याऐवजी रंग देणाऱ्या विकरांच्या साह्याने करून दाखविली. पुढे कीटकनाशकांच्या रेणूंविरुद्धही प्रतिपिंडे तयार झाली, आणि १९९० च्या दशकात अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने मातीतील डीडीटीसारख्या द्रव्यांची प्राथमिक चाळणी करण्यासाठी या संचांना मान्यता दिली. करोनाच्या साथीत नाकातील द्रवाची जी झटपट अँटीजेन चाचणी घरोघरी माहीत झाली, ती याच कुळातली.

ही परीक्षा चालते कशी, हे पंगतीच्या दृष्टांताने सांगता येईल. नळीच्या आतल्या बाजूस प्रतिपिंडे बसविलेली असतात. त्यांना पंगतीतले पाट समजा. पाट मोजके आहेत आणि त्यांवर एकाच कुळातील पाहुण्यांना बसता येते. यजमानाने त्याच कुळातील काही पाहुणे रंगीत फेटे बांधून तयार ठेवले आहेत. आता मातीचा नमुना मद्यार्काच्या जातीच्या द्रावणात घोळून, निवळ पाणी काढून, ते या नळीत सोडावयाचे. मातीत विष असेल तर त्याचे रेणू, म्हणजे बिनफेट्याचे पाहुणे, धावत येऊन पाट अडवितात आणि फेटेवाल्यांना जागा उरत नाही. नंतर नळी धुऊन टाकली की उभे राहिलेले सारे वाहून जातात आणि बसलेले तेवढे राहतात. रंग गडद आला तर फेटेवाले बसले, म्हणजे विष नाही किंवा अल्प आहे. रंग फिका आला तर विषाने पाट अडविले. रंग जितका फिका, तितके विष अधिक. तास-दोन तासांत अनेक नमुने एकदम पाहून होतात आणि दशलक्षात एखाद्या भागाहूनही कमी असलेला अंश ध्यानात येतो. विज्ञान शाखेचा पदवीधर थोड्या शिक्षणाने हे काम करू शकतो.

या संचांच्या मर्यादा झाकून ठेवण्याची आमची इच्छा नाही. एक संच एका रसायनाला किंवा त्याच्या कुळाला ओळखतो. बाकीच्यांना तो आंधळा असतो. डीडीटीचा संच तणनाशक पाहू शकत नाही, आणि बोर्डो मिश्रणातून द्राक्षबागांच्या मातीत साठत जाणारे तांबे या चाचणीला दिसतच नाही. त्याला वेगळी परीक्षा हवी. कुळातील भाऊबंदांना ओळखताना या संचाचा कधी घोटाळा होतो, आणि सेंद्रिय द्रव्याने भरलेली माती त्याला चकवू शकते. शिवाय बरेचसे संच परदेशातून येतात, आणि ते शीतकपाटात ठेवावे लागतात; भारनियमनाच्या मुलखात ही किरकोळ अडचण नव्हे. म्हणून या चाचणीचा निकाल हा अंतिम निवाडा मानता येत नाही. ती चाळणी आहे. शंभर नमुन्यांतील संशयास्पद तेवढे चाळणीवर राहावेत आणि ते मोठ्या यंत्राकडे पाठवावेत. निर्दोष ठरलेल्यांतीलही काही पडताळ्यासाठी पाठवावेत. करोनाच्या काळात आपण हेच केले. जे माणसाच्या नाकासाठी आपण करू शकलो, ते मातीसाठी करणे अशक्य आहे, असे कोण म्हणेल?

शेतकऱ्याच्या मनात येथे एक भीती उभी राहते, आणि ती आम्हांला खोटी वाटत नाही. उद्या माझ्या शेताचा अहवाल वाईट आला, तर माझ्या मालाला भाव कोण देईल? माझ्या जमिनीची किंमत काय राहील? जी चाचणी मला दोषी ठरविण्यासाठी आहे, तिला मी आपल्या हाताने माती का द्यावी? या प्रश्नांना उत्तर दिल्याशिवाय कोणतीही योजना पुढे जाणार नाही. आमचे उत्तर असे : अहवाल शेतकऱ्याच्या मालकीचा असावा, तो त्याच्या हाती द्यावा आणि त्यावरून दंड वा खटला होऊ नये. जाहीर करावयाचे ते गावाचे वा पाणलोटाचे चित्र, व्यक्तीचे नाव नव्हे. शिवाय या चाचणीत शेतकऱ्याचा रोकडा लाभही आहे. ऊस किंवा मका यांत ॲट्राझीनसारखे तणनाशक वापरल्यावर त्याचा अंश उरला, तर पाठोपाठ घेतलेल्या सोयाबीनसारख्या पिकाला तो बाधतो. बियाणे, मजुरी आणि मोसम वाया घालविण्यापूर्वी हे कळले तर तोटा कोणाचा होईल? जुन्या मालकाने वीस वर्षांपूर्वी जे मारले, त्याचा भुर्दंड आजच्या प्रामाणिक कसणाऱ्यावर पडू नये, एवढ्यासाठी तरी मातीचा दाखला त्याच्या खिशात असला पाहिजे.

दोष सारा शेतकऱ्याच्या पदरी बांधून मोकळे होणे ही शहरी सोय आहे. बहुसंख्य गावांत पिकाचा वैद्य, औषधाचा विक्रेता आणि उधारी देणारा सावकार हे तिघे एकाच गल्ल्यावर बसलेले असतात. तो सांगेल ते ‘कॉकटेल’ शेतकऱ्याला मारावे लागते. आणि पुण्या-मुंबईचा ग्राहक? त्याला मण्यावर डाग नको, घडाला एकही सुरकुती नको. डागाळलेले द्राक्ष तो हातगाडीवर परत ठेवतो आणि निर्मळ शेतीवरील व्याख्यानाला जातो. युरोपच्या खरेदीदाराने विचारले म्हणून निर्यातीचे द्राक्ष शुद्ध झाले. आपण कधी विचारले आहे काय? आमच्या वाचकांना हा प्रश्न बोचेल, याची आम्हांला जाणीव आहे. तो बोचावा म्हणूनच विचारला आहे.

शासनाला नवे खाते काढावयास सांगण्याची गरज नाही. साचा तयार आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. तिच्यावर बारा रकाने आहेत : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मातीला काय कमी पडते ते या बारांत कळते. मातीत काय नको ते उरले आहे, याचा तेरावा रकाना तेथे नाही. ज्या पत्रिकेत भूक लिहिली जाते पण विषबाधा लिहिली जात नाही, तिला आरोग्याचे नाव देणे धाडसाचे आहे. हा तेरावा रकाना प्रथम सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत सुरू करावा, अशी आमची मागणी आहे. प्रत्येक शेताला तो लगेच लागू करावा असे आमचे म्हणणे नाही. द्राक्ष, ऊस, हळद, आले, स्ट्रॉबेरी आणि भाजीपाल्याच्या दाट फवारणीच्या पट्ट्यांपासून आरंभ व्हावा.

त्यासाठी लागणारी स्थाने या भूमीवर आहेत. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून आहे. कसबे डिग्रजला कृषी संशोधन केंद्र आहे. तेथे चाळणीची परीक्षा व्हावी आणि निश्चितीसाठी नमुने राहुरी आणि मांजरीस जावेत. पावसाळ्यापूर्वी आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर वाईच्या खाली, कऱ्हाडच्या संगमावर, सांगलीस पुलाखाली आणि हरिपुरास वारणेच्या संगमावर ठरलेल्या जागी गाळाचे नमुने घ्यावेत आणि निकाल तालुक्याच्या फलकावर साध्या मराठीत लावावेत. गाळ शेतात नेण्यापूर्वी त्याचा दाखला असावा. प्रतिपिंडे आपल्या देशातच तयार व्हावीत. शास्त्रज्ञांची आपल्याकडे वाण नाही, मागणी करणाऱ्याची वाण आहे. आणि नमुने गोळा करण्याचे काम महाविद्यालयांतील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांवर सोपवावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली, तेव्हा शेतकऱ्याच्या मुलाने शिकावे आणि ते शिक्षण पुन्हा मातीच्या उपयोगी पडावे, हाच त्यांचा हेतू होता. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत मिठाची ओळख पटवून गुण मिळवावेत, आणि आपल्या बापाच्या शेतातील माती मात्र अनोळखी ठेवावी, हे शिक्षण अपुरे आहे.

यातून काय निष्पन्न होईल, ते आम्ही आज सांगू शकत नाही. कदाचित बहुतेक शेते निर्दोष ठरतील; तसे झाले तर आमच्याइतका आनंद कोणाला होणार नाही, आणि सांगलीच्या हळदीला व साताऱ्याच्या आल्याला त्याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळणार नाही. कदाचित काही ठिकाणी दुखणे निघेल; तर ते वेळीच कळेल आणि उपाय करता येईल. दोन्ही परिणाम आजच्या अज्ञानाहून श्रेयस्कर आहेत. परदेशी ग्राहकाने दार ठोठावीपर्यंत थांबावयाचे, की या वेळी आपण होऊन दार उघडावयाचे, एवढाच निर्णय शासनाला आणि समाजाला करावयाचा आहे. द्राक्षाचा हंगाम दरवर्षी येतो आणि जातो. माती मात्र पुढच्या पिढीला आपण जशी ठेवू तशीच मिळणार आहे.